गरम समुद्रावरची थंडी

बर्गन बंदर, नॉर्वे
२१ जून

आई,

फोन तुम्ही कापता, म्हणून हे पत्र. पत्र कापता येत नाही. फार तर न वाचता फळीवर ठेवाल, पण तेही होणार नाही, कारण वाचून दाखवणार शेजारच्या क्लेमेंटीन मावशी, आणि घरात बंद पाकीट असलं की त्यांना चहा गोड लागत नाही. मावशी, नमस्कार. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. सावकाश वाचा, आईंना घाईत वाचलेलं आवडत नाही.

आधी जेवणाचं सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. भात मिळतो. खाली आम्हा काम करणाऱ्यांच्या मेसमध्ये दोन्ही वेळा असतो. फिलिपिन्सची पोरं आपल्यासारखीच, भाताशिवाय पानावरून उठत नाहीत. मासे मात्र उकडलेले. तोंडात घातले की तुमचं कोळंबीचं कालवण आठवतं आणि घास नुसता फिरत राहतो.

काम मुंबईच्या हॉटेलात करत होते तेच, फुलांचं. फक्त हे हॉटेल हलतं. जेवणाची दालनं, जिने, नाचाचा हॉल, सगळीकडे फुलदाण्या. एक डच बाई माझी वरिष्ठ आहे. फुलं खाली मोठ्या थंड खोलीत ठेवतात. आई, इथे शेवंती पंधरा-पंधरा दिवस टिकते! आपल्याकडे पहाटे तोडलेलं फूल दादरला पोचेपर्यंत तुम्ही ओल्या फडक्याखाली जपता, आणि इथे मी ताज्या फुलांना म्हणते, बायांनो, आता तरी सुका.

मला वाटलं होतं जहाज म्हणजे गोंगाट, पोहणं, नाचगाणी. तसं काहीच नाही. उत्तरेकडच्या या थंड समुद्रावर लोक येतात ते बहुतेक निवृत्त झालेले. लोकरी टोप्या, गळ्यात दुर्बिणी. डेकवर चारदोन माणसं जातात आणि नाक लाल करून आत पळतात. मग खिडकीशी बसायचं, मांडीवर ब्लँकेट, दोन्ही हातांत गरम चॉकलेटचा कप. तुकडे जुळवून चित्र करायचा खेळ एका टेबलावर मांडलेला असतो. जाणारा-येणारा एखादा तुकडा लावून जातो, आणि संध्याकाळपर्यंत अनोळखी माणसं खुर्च्या ओढून तिथेच बसलेली असतात. डोंगरावरून धबधबा दिसला की कुणी ओरडत नाही. हळूच म्हणतात, तो बघा. बाहेर गारठा असला की आत माणसं एकमेकांजवळ सरकतात. दुसऱ्या दिवशी एकमेकांची नातवंडं माहीत, तिसऱ्या दिवशी दुखणी.

मलाही विचारतात. लग्न झालंय का, नवरा काय करतो. मी सांगते, कुशल दोन वर्षांपूर्वी गेला. सकाळी कामाला गेला आणि संध्याकाळी त्याला आणलं. हृदय बंद पडलं. चौतिसाव्या वर्षी. ते माझा हात धरतात. थंडगार असतात त्यांचे हात.

मी निघाले तेव्हा तुम्ही ओट्यावर पाठमोऱ्या बसून मोगऱ्याची वेणी करत होतात. ‘जायचं तर जा,’ एवढंच म्हणालात. मुलगा गेला, आता सूनही टाकून चालली, असं तुमच्या मनात आलं असणार. मी टाकून आले नाही, आई. त्या घरात मला सगळं फार स्पष्ट दिसत होतं. खुंटीवरचा शर्ट, त्याच्या चपलांचे ठसे. थोडं लांब जाऊन श्वास घ्यायचा होता.

मोतीबिंदू पिकलाय असं डॉक्टर दोनदा म्हणाले. ऑपरेशनला मावशी न्यायला तयार आहेत. करून घ्या.

तुमची
क्षितिजा


नॉर्थ केपजवळ, समुद्रात
१८ जुलै

आई,

मावशींचा आवाजी निरोप आला. म्हणाल्या, ‘बाय, वाचलं. एक शब्द बोलली नाही ती. पण कोळंबीच्या कालवणाशी आल्यावर म्हणाली, परत वाच.’ मला तेवढं पुरलं.

काल मजा झाली. दाट धुकं. बंदरावर थांबायचं होतं ते कॅप्टनने रद्द केलं. दोन हजार माणसं आत अडकली आणि सगळ्यांचे चेहरे पडले. करमणूक बघणारा साहेब आमच्याकडे आला, तुम्ही काही करू शकता का? माझी वरिष्ठ गुलदस्त्यांचं सांगू लागली. मी म्हटलं, माझ्याकडे बटणशेवंती उरलीय, सुया आणि दोरा द्या.

लायब्ररीत टेबलं जोडली. मला वाटलं पाचसहाजण येतील. खुर्च्या कमी पडल्या! एक उंच म्हातारे गृहस्थ सुई डोळ्यांपुढे धरून म्हणाले, ‘मी चाळीस वर्षं विमानं चालवली, पण हे मला जमणार नाही.’ मी तुमचंच वाक्य त्यांना इंग्रजीत सांगितलं, फुलाला दुखू नये असं ओवा, आपोआप जमतं. बाहेर पांढरं धुकं, जहाजाचा भोंगा मधूनमधून भों करतोय, आणि आत लोकरी स्वेटरातली माणसं माना खाली घालून शेवंतीचे हार ओवताहेत. कुणीतरी गुणगुणायला लागलं. आपला रॉकी तिथेच पियानोवर बसला होता. गिरीजचा रॉकी, मावशींच्या माहेरकडचा, जहाजाच्या बँडमध्ये आहे. त्याने तोच सूर उचलला.

एक मॉरीन म्हणून बाई होत्या, स्कॉटलंडच्या, कोळ्यांच्या गावच्या. डोळे मिटून ओवत होत्या, सगळ्यांत सरळ हार त्यांचा. मी विचारलं, डोळे का मिटता?

‘सवय गं,’ म्हणाल्या. ‘मोतीबिंदू होता तेव्हा वर्षभर सगळं चाचपून केलं. विणकाम, स्वयंपाक, सगळं. ऑपरेशन नको म्हणून हट्ट धरला होता.’

‘मग केलंत?’

‘केलं. आता दिसतं, पण हातांना अजून डोळ्यांवर भरवसा नाही.’

मी त्यांना सांगितलं, माझ्या सासूबाई तशाच आहेत, हट्टाच्या बाबतीतसुद्धा. त्या हसल्या आणि तो हार त्यांनी मला घातला. तुमच्यासाठी म्हणून.

क्षितिजा


साऊथहँप्टन, इंग्लंड
३० ऑगस्ट

आई,

मावशींनी फोन केला तो मी जिन्यावर उभी राहून घेतला. ‘बाय, बोलली गं! म्हणते, त्या बाईला ऑपरेशननंतर पहिल्यांदा काय दिसलं, विचार.’

मॉरीनबाई तेव्हा कधीच घरी गेल्या होत्या, पण पत्ता दिला होता. मी ईमेल केली. त्यांचं उत्तर आपल्या भाषेत लिहिते.

‘पट्टी काढली तेव्हा समोर माझा नवरा. मी म्हटलं, अरे देवा, तू इतका म्हातारा कधी झालास? तो म्हणाला, आधी आरशात बघ, मग बोल. घरी आले तर खिडकीतून समुद्र निळा दिसला. वर्षभर मी त्याला राखाडीच समजत होते. स्वयंपाकघर इतकं मळलेलं होतं की मी रडले. तुझ्या सासूबाईंना सांग, पहिले काही दिवस घराकडे बघू नका.

‘आणि एक सांग. माझा नवरा या जानेवारीत गेला. ही सफर आम्ही दोघं करणार होतो. ते शेवटचं वर्ष मी त्याला स्वच्छ पाहिलं, सुरकुती न् सुरकुती. हट्ट धरून बसले असते तर तेही गेलं असतं.’

त्या एकट्या आल्या होत्या हे मला जहाजावर कळलंच नाही, आई. सगळ्यांशी बोलत होत्या.

क्षितिजा


ब्रिजटाऊन, बार्बाडोस
२ डिसेंबर

आई,

ऑक्टोबरात आम्ही अटलांटिक ओलांडला. मधल्या काळात मी लिहिलं नाही, कारण मावशींनी फोनवर मला काहीतरी सांगितलं आणि त्याला काय लिहावं ते सुचेना. त्यावर येतेच. आधी इथलं सांगते, म्हणजे हात सैल होईल.

जहाज तेच, आम्ही तेच, फक्त समुद्र गरम, आणि असं वाटतं की जहाजच बदललं. तिकडे सगळे आत होते, इथे सगळे बाहेर. सकाळीच पोहण्याच्या टाकीभोवतीच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा धरतात. लोखंडी पिंपासारखी वाद्यं वाजवतात, आवाज पितळी घंटांसारखा. लेकरं ओली पावलं घेऊन जिन्यावरून पळतात. अंगाला लावायच्या मलमाला खोबऱ्याचा वास, सगळ्या डेकवर तो वास. माणसं उन्हाने लाल, गळ्यात गळे, मोठ्याने हसतात. तरुण जोडपी, तीन-तीन पिढ्या एकत्र, लग्नाचे वाढदिवस. लायब्ररीत चिटपाखरू नाही. चित्र जुळवायचा खेळ महिनाभर कोपऱ्यात अर्धाच पडलाय.

आणि गंमत म्हणजे आत प्रचंड थंडी! एसी इतका की बायका जेवायला शाल घेऊन येतात. नॉर्वेत मी आत कधी स्वेटर घातला नाही, तिथे आत ऊब होती. इथे, गरम समुद्रावर, स्वेटर घालून काम करते.

फुलंही दुसरी. गुलाब डेकवर ठेवला तर दुपारपर्यंत मान टाकतो. मग इथलीच लावतो, अँथुरियम आणि ती हेलिकोनिया, उलट्या टांगलेल्या केळफुलांच्या माळेसारखी लालपिवळी. भडक. पण त्या उजेडात तीच शोभतात. हार ओवायचा वर्ग इथेही ठेवला होता. चौघी आल्या, त्यातल्या दोघी उन्हातून गार व्हायला.

इथे कुणी कुणाला काही विचारत नाही. ‘हाय’ म्हणतात, हसतात, पळतात. सुरुवातीला मला फार एकटं वाटलं. मग लक्षात आलं, गेला महिनाभर कुणीही मला नवरा काय करतो हे विचारलेलं नाही. रोज तेच वाक्य सांगावं लागत नाही. त्यातही एक आराम आहे, आई.

आता ते.

मावशींवर रागावू नका. त्यांना राहवलं नाही म्हणून त्यांनी मला सांगितलं. तुम्ही त्यांना म्हणालात ना, की समोरच्या नव्या बिल्डिंगमधला एक माणूस रोज संध्याकाळी आपल्या वाडीतून, बावखलाच्या काठाने घरी जातो. खांद्याला बॅग, चाल थेट आपल्या कुशलसारखी. तुम्हाला चेहरा दिसत नाही. त्या तळ्याच्या कडेने ती अंधुक आकृती जाते तेवढा वेळ तो कुशल असतो. डोळे नीट झाले की तो कुशल नसेल. म्हणून ऑपरेशन नको.

आणि मी तीन पत्रांत ऑपरेशनसाठी तुमच्या मागे लागले, तुम्हाला हट्टीही म्हटलं.

ऐकून मला रडू आलं नाही. खरं सांगू? हेवा वाटला. तुम्हाला तो रोज संध्याकाळी दिसतो. मला कुठेच दिसत नाही. एवढं जग फिरले, हजारो माणसं बघितली, पण पाठमोरासुद्धा दिसला नाही.

डोळ्यांचं मी आता पुन्हा म्हणणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा. फक्त ओट्याची पायरी उतरताना भिंतीला हात लावत जा.

क्षितिजा


कॅस्ट्रीज, सेंट लुशिया
२० डिसेंबर

आई,

हे पत्र मी दोनदा फाडलं.

परवा दुपारी, बंदर सोडताना, वरच्या डेकवर बँड होता. नॉर्वेत रॉकी कोट घालून संथ सूर वाजवायचा, इथे फुलाफुलांचा शर्ट घालून घामाने निथळत असतो. मी फक्त टेबलांवरची फुलं बदलायला गेले होते, कमरेला एप्रन, हातात कात्री. त्रिनिदादच्या एक आजी, तुमच्याच वयाच्या, कुटुंबासोबत आलेल्या, नाचत होत्या. त्यांनी माझ्या हातातली कात्री काढून टेबलावर ठेवली आणि मला ओढलं. ‘माय चाईल्ड,’ म्हणाल्या, ‘आमचे पूर्वजही तुमच्याच देशातून बोटीने आले. बोटीवर आले तेव्हा रडत आले. आता आपण नाचायचं.’

मी नाचले. मला कुठे येतं, पण नाचले. त्या आजींचा पाय माझ्या पायावर पडला, दोघी धडपडलो, आणि मी हसले. मोठ्याने. पोट दुखेपर्यंत. माझाच आवाज मला ओळखू येईना. रॉकीने वाजवता वाजवता वळून पाहिलं. त्याने मला दोन वर्षांत तसं पाहिलं नव्हतं.

मग मी खाली फुलांच्या थंड खोलीत जाऊन बसले. अंगावर घाम, वर ती थंडी, दात वाजायला लागले. वाटलं, आज कुशल खरा गेला. तेव्हा नाही, आज. मी हसले म्हणून.

हे मी माहेरी, चंदनसारला माझ्या आईला सांगितलेलं नाही. तिला आनंद होईल, नुसता आनंद. तुम्हाला नुसता आनंद होणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

मावशी, हे कसं वाचायचं, वाचायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

फेब्रुवारीच्या मध्यावर माझा करार संपतो. मुंबईला उतरेन. तिथून कुठे जायचं ते अजून ठरवलेलं नाही.

क्षितिजा


उमेळे
६ फेब्रुवारी

चि. क्षितिजा,

हे माझ्या हाताने लिहिते आहे. ओळी वर-खाली जातील. क्लेमेंटीन फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवील, पोस्टाने यायला वेळ लागेल.

डोळ्यांचं केलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक, नंतर दुसरा. मॉरीनबाईंना कळव. घराकडे बघू नका म्हणाल्या होत्या, पण मी बघितलं. स्वयंपाकघराची भिंत पिवळी समजत होते, ती पांढरी निघाली. क्लेमेंटीनचे केस मात्र सगळे पांढरे झालेत. मी तिला म्हटलं, ‘तू म्हातारी कधी झालीस?’ ती म्हणाली, ‘तुला वाचून दाखवता दाखवता.’

तू पुन्हा म्हणणार नाही असं लिहिलंस तेव्हा आधी बरं वाटलं. मग ते तुझं, मला कुठेच दिसत नाही, ते मनातून जाईना. नाताळाच्या आधी एका संध्याकाळी तो माणूस चालला होता, आणि मी ओट्यावरून हाक मारली. ‘कुशल.’ आजवर कधी मारली नव्हती. तो थांबला. जवळ आला. ‘काकी, मी सुमेध. समोरच्या बिल्डिंगमधला. बरं नाही का तुम्हाला?’ आत जाऊन पाणी आणून दिलं. आवाज एकदम वेगळा. विरारला त्याची आई असते, तिचे गुडघे दुखतात, ते सांगत बसला. क्षितिजा, चांगला माणूस गं. आणि इतके दिवस मी त्याला नीट बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी क्लेमेंटीनला म्हटलं, डॉक्टरकडे चल.

आता तो जातो तो सुमेध म्हणून जातो. टक्कल पडायला लागलंय त्याला. पहिल्यांदा स्वच्छ दिसला त्या संध्याकाळी मी आत जाऊन रडले. खूप. रडायला हवं होतं, तुझ्यासमोर रडले असते तर तुलाही रडता आलं असतं. आपण दोघी एकमेकींना चुकवून रडलो. मी पाठ करून बसले, तू निघून गेलीस.

चष्मा आल्यावर तुझी सगळी पत्रं काढून बसले. शेवटच्या पत्रातला अर्धा भाग मी ऐकलेलाच नव्हता. क्लेमेंटीनने गाळला. ‘तुला लागेल म्हणून,’ म्हणते. लागलं. खोटं कशाला लिहू. तू लिहिलंस तसंच, नुसता आनंद नाही झाला. एक दिवस पत्र तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत वाचलं. तुला थंड खोलीत एकटीला कुडकुडत बसलेलं बघितलं आणि त्या नाचण्यापेक्षा तेच मला जास्त लागलं.

कुशल लहानपणी कुणी धडपडलं की हसायचा. मार खायचा त्यापायी. तू आणि ती आजी पडलात तेव्हा तो असता तर तुझ्याआधी हसला असता.

रॉकीने नाचतानाचा फोटो क्लेमेंटीनला पाठवला होता, तो तिने आता दाखवला. मोठा करून बघितला. वाळलीस. एप्रन चांगला दिसतो. नाच मात्र तुला येत नाही.

पुढचं काम परत जहाजावर घ्यायचं की नाही ते तुझं तू बघ. थंड समुद्र घे नाही तर गरम, मी अडवणार नाही. कुणी आवडलं तर तेही मला सांग, क्लेमेंटीनच्या आधी. मधल्या सुटीत कुठे उतरायचं हे ठरवलं नाहीस असं लिहिलंस. आईकडे चार दिवस जा, तिचा हक्क आहे. पण विमानतळावरून आधी इकडे.

विमान किती वाजता उतरतं ते कळव. क्लेमेंटीन म्हणते, दाराशी तुझ्या नावाची पाटी धरून उभं राहावं लागतं, नाही तर गर्दीत चुकामूक होते. पाटीबिटी काही नको. मी पुढे उभी राहीन. लांबूनच ओळखीन तुला.

आई